बावीस रुपयांची पट्टी

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे सव्वासात वाजले होते, चहासुद्धा झाला नव्हता, आणि रावेरकडच्या एका काकांचा फोन आला. "काबरं भो, बावीस रुपयांत गेली का आमची केळी?"

काकांनी आदल्या दिवशी बागेतली केळी कापली होती. माल व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला आणि रात्री मोबाईलवर मेसेज आला: देय रक्कम २२ रुपये. हे मेसेज पाठवणारा प्रोग्राम त्या व्यापाऱ्यासाठी मी लिहिलेला. त्यामुळे काकांनी व्यापाऱ्याला सोडून मलाच धरलं, आणि ते बरोबरच होतं. त्या रात्री तीसेक शेतकऱ्यांना असेच मेसेज गेले होते. कोणाला एकवीस रुपये, कोणाला चौतीस. ज्याचा माल सगळ्यांत जास्त होता, त्याला फक्त एक रुपया.

मी माफी मागितली, दुपारपर्यंत नीट करतो म्हणालो. काकांचं समाधान झालं नाही. "पाठवायच्या आधी तपासत नाही का रे तुम्ही हे?"

"तपासतो ना काका."

"मग?"

हे 'मग?' त्या दिवसांत सगळेच विचारत होते. तीनच आठवड्यांपूर्वी, १९ जुलैला, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटमुळे जगभर विमानतळांवरचे कॉम्प्युटर बंद पडून निळे पडदे झळकले होते. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले होते. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे इंजिनीअर, मग तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. मीही तपासलं होतं. तरीही बावीस रुपये कसे गेले हे सांगायचं, तर प्रोग्राम तपासतात म्हणजे नेमकं काय करतात, इथून सुरुवात करावी लागेल.

## बटणं नसलेले प्रोग्राम

आपण मोबाईलवर वापरतो त्या अ‍ॅपला बटणं असतात, चित्रं असतात. पण पडद्यामागे राबणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामांना यातलं काहीच नसतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, प्रोग्राम उत्तरादाखल चार ओळी छापतो, विषय संपला. या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. माझ्या प्रोग्रामचं नावच 'पट्टी' आहे. केळी विकली की शेतकऱ्याला हिशोबाची जी चिठ्ठी मिळते, तिला आमच्याकडे पट्टी म्हणतात. काकांचा हिशोब त्याला असा विचारायचा:

पट्टी वजन=१२.४० भाव=१८५०

आणि तो छापतो:

एकूण : २२९४०
हमाली : १२४
तोलाई : ६२
देय रक्कम : २२७५४

पाहुण्यांना दाखवावं असं यात काही नाही. पण या रूक्ष दिसण्याचा एक फायदा आहे. मजकूर आत जातो, मजकूर बाहेर येतो, आणि दोन मजकूर सारखे आहेत की नाही हे मशीनला डोळे मिटून सांगता येतं. रंगीत बटण दोन मिलिमीटर सरकलं तर ते चूक की चाललं असतं, हे ठरवायला मात्र माणूस लागतो.

दुसरा फायदा जिनिंग पाहिलेल्या कोणालाही लगेच कळेल. कापूस जिनमध्ये जातो, रुई आणि सरकी वेगळी होते. रुई पुढे प्रेसमध्ये जाऊन तिची गाठ बांधली जाते, सरकी तेलाच्या घाणीकडे. एका यंत्रातून निघालेला माल हा पुढच्या यंत्राचा कच्चा माल. कमांड लाइनचे प्रोग्राम असेच एकामागे एक जोडता येतात. ही सोय १९७३ पासूनची, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या युनिक्स या प्रणालीतली. माझ्याकडेही अशीच साखळी आहे: 'पट्टी' हिशोब करते आणि तिचं उत्तर मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या तोंडात पडतं. जिनमधून कवडी, म्हणजे खराब कापूस, आली तर प्रेसवाला काय करणार? तो तिचीच गाठ बांधणार.

## सराफाचा काळा दगड

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडायला गेलात, तर सराफ तो आधी वितळवत बसत नाही. काळ्या दगडावर घासून एक रेघ ओढतो. शेजारी दुसरी रेघ ओढतो, ज्याची शुद्धता ठाऊक आहे अशा सोन्याची. दोन्हींवर अ‍ॅसिडचा थेंब टाकतो आणि बघतो, कोणती रेघ किती टिकली. दागिना कोणी घडवला, कधी घडवला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एक रेघ ठाऊक, एक अनोळखी, दोन्ही शेजारी शेजारी. या दगडाचं नाव कसोटी, आणि परीक्षा या अर्थाने आपण रोज वापरतो तो शब्द तिथूनच आला.

प्रोग्रामची आउटपुट तपासणी, म्हणजे त्याने छापलेलं उत्तर तपासणं, ही शब्दशः कसोटी आहे. बारा क्विंटल चाळीस किलो, भाव १८५०, तर उत्तर हे असं आलं पाहिजे, एवढं एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं. प्रोग्राम चालवायचा, आलेलं उत्तर त्या फाईलशी ताडून बघायचं. तंतोतंत जुळलं तर पास, एक अक्षरही इकडचं तिकडे झालं तर नापास. ठाऊक उत्तराच्या या फाईलला आमच्या धंद्यात 'गोल्डन फाईल' म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने जळगाव पाहिलं नसणार, पण नाव चपखल आहे.

ताडून बघण्याचं काम करणारा जुना प्रोग्राम म्हणजे 'डिफ'. जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांचं हे काम, १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलं. दोन फाईली दिल्या की नेमक्या कोणत्या ओळी वेगळ्या आहेत ते तो सांगतो. गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक, हे त्याचं आजचं नेहमीचं रूप.

आता खरी मेख. गोल्डन फाईलमधलं उत्तर बरोबर आहे हे कोणी ठरवलं? पहिल्यांदा ते माणसालाच ठरवावं लागतं. मी व्यापाऱ्याच्या मुनीमजींबरोबर दोन दिवस बसलो होतो. त्यांच्या वहीतल्या जुन्या पट्ट्या काढल्या, कॅल्क्युलेटरवर एकेक पडताळली आणि मगच फाईलमध्ये घातली. मुनीमजी मला म्हणाले होते, "एवढं आम्हीच करायचं, तर तुमचं मशीन काय करणार?" प्रश्न रास्त होता. मशीन तेच काम पुन्हा पुन्हा करणार. मी प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी सगळ्या पट्ट्या नव्याने पडताळणार, रात्री एक वाजता, न कंटाळता. मुनीमजींना एकदाच बसावं लागतं.

## शून्य म्हणजे पास

नुसतं छापलेलं उत्तर तपासून भागत नाही. समजा, घरच्या पोराला कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर पाठवलं. संध्याकाळी परत आला की त्याच्याकडून तीन गोष्टी कळतात. एक, हातातली पावती. दोन, त्याची कुरकुर: काट्यावर रांग होती, ओलावा जास्त निघाला म्हणून भाव पाडला. आणि तीन, "झालं का काम?" विचारल्यावर होकारार्थी हलते की नकारार्थी, ती मान.

प्रोग्रामही या तीन गोष्टी वेगवेगळ्या देतो. उत्तर एका वाटेने येतं, कुरकुर म्हणजे एरर दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी मान हलवल्यासारखा एक आकडा, एक्झिट कोड. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं. शाळेत शून्य म्हणजे नापास, इथे उलटं का? यश एकाच प्रकारचं असतं, बिघाडाच्या तऱ्हा अनेक, म्हणून उरलेले सगळे आकडे बिघाडांना दिले. १२७ आला तर त्या नावाचा प्रोग्रामच सापडला नाही, १२६ आला तर सापडला पण चालवता आला नाही.

ही मान तपासली नाही तर काय होतं? प्रोग्राम "फाईल सापडली नाही" असं कुरकुरतो आणि वर शून्य देतो. पुढच्या प्रोग्रामला वाटतं सगळं ठीक आहे, तो रिकाम्या कागदावर काम चालू ठेवतो. म्हणून नीट तपासणीत वाकडे प्रश्नही घालतात. वजन उणे, भाव रिकामा. आमच्या काट्यावरच्या मुलाला शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप करायची सवय होती, तोही एक प्रश्न म्हणून मी घातला. तिथे प्रोग्रामने उत्तर न देता नकारार्थी मान हलवली, तरच तो पास.

## आत न बघता कसं कळणार?

भुसावळला वाढलेल्या जुन्या लोकांना आठवत असेल, गाडी थांबली की रेल्वेचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टोले देत जायचा. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चाक खोलायची गरज नाही. पण तडा नेमका कुठे आहे, हे त्या आवाजातून कळत नाही. त्यासाठी गाडी बाजूला घ्यावी लागते.

आउटपुट तपासणीची मर्यादा तीच. बाहेरून आवाज ऐकते, आतलं दुखणं दाखवत नाही. म्हणून प्रोग्रामचे आतले छोटे तुकडे सुटे सुटे तपासण्याची वेगळी पद्धत आहे, तिला युनिट टेस्ट म्हणतात. दोन्ही लागतात. तरी मला विचाराल तर सुरुवात हातोडीने करावी. शेतकऱ्याला मेसेज मिळतो, आतले तुकडे मिळत नाहीत.

## बुऱ्हाणपूरचा ऱ

या पद्धतीची सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे जी उत्तरं रोज रास्तपणे बदलतात ती. पट्टीवर आजची तारीख छापलेली असेल तर काल पास झालेली तपासणी आज नापास होणार, प्रोग्राम बिचारा निर्दोष असूनही. उपाय दोन. एकतर तपासताना प्रोग्रामला खोटी तारीख द्यायची, किंवा ताडून बघण्याआधी तारखेच्या जागी फुल्या मारायच्या. शिवाय विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं लावतं आणि लिनक्स ही दुसरी प्रणाली एकच, त्यामुळे एका कॉम्प्युटरवर पास तर दुसऱ्यावर नापास. अशा विनाकारण बोंबलणाऱ्या तपासण्या घातक असतात. लांडगा आला रे आला अशी रोजच हाक आली की खरा लांडगा आल्यावर कोणी उठत नाही.

माझे अडीच तास मात्र एका अक्षराने खाल्ले. एका व्यापाऱ्याचं गाव बुऱ्हाणपूर. फारुकींच्या काळात खान्देशची राजधानी होतं, आता मध्य प्रदेशात आहे, पण केळीच्या गाड्यांना राज्याची सीमा कुठे कळते. तपासणी नापास. डिफ म्हणतो ओळ वेगळी आहे, आणि पडद्यावर दिसतं ते असं:

- गाव : बुऱ्हाणपूर
+ गाव : बुऱ्हाणपूर

डोळे चोळले, चष्मा पुसला. दोन्ही ओळी हुबेहूब. शेवटी अक्षरांचे आतले आकडे काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. 'ऱ्ह' मधला तो ऱ कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे साठवता येतो: ऱ हे एकच अक्षर म्हणून, साधा र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब म्हणून, किंवा साधा र, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखे, मशीनच्या लेखी तीन वेगळे शब्द. फाईल ऑफिसात एका कीबोर्डवर टाइप झाली होती, गावाचं नाव कोणीतरी मोबाईलवरून भरलं होतं. मराठीत काम करणाऱ्याने ताडण्याआधी सगळे ऱ एकाच साच्यात आणून घ्यावेत, नाहीतर वऱ्हाड आणि तऱ्हा दोन्ही ठिकाणी रडायची पाळी येते.

एक कबुली देतो. ती तपासणी मला फालतू वाटली होती, पण तिने एक खरी चूक दाखवली. बुऱ्हाणपूर नावाने शोधल्यावर त्या व्यापाऱ्याच्या निम्म्याच गाड्या सापडत होत्या.

## एवढा खटाटोप परवडतो का?

माझ्या 'पट्टी'साठी साठ तपासण्या आहेत आणि सगळ्या मिळून चार सेकंदांत होतात. लिहायला आठवडा गेला. छोट्या गिऱ्हाइकाला त्या आठवड्याचे पैसे मागताना जीभ अडखळते, हे खरं आहे. ज्यांना परवडतं ते कुठपर्यंत जातात याचं टोक म्हणजे 'एस्क्यूलाइट'. माहिती साठवून ठेवणारं हे छोटं सॉफ्टवेअर तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. ते बनवणाऱ्यांनी सांगितलंय की मूळ प्रोग्रामच्या सुमारे ५९० पट मजकूर त्यांनी फक्त तपासण्यांसाठी लिहिलाय. एकराच्या शेताला ५९० एकरांचं कुंपण! आपल्याला तेवढं नको, पण बांधावर चार काटेरी फांद्या तरी टाकाव्यात.

हल्ली लोक विचारतात, या तपासण्या एआयकडून लिहून घेतल्या तर? घ्याव्यात, टाइप करायचे कष्ट वाचतात. फक्त एक सांभाळा. प्रोग्राम आज जे छापतो तेच उचलून ते 'बरोबर उत्तर' म्हणून मांडणं त्याला फार सोपं जातं. प्रोग्राम आधीच चुकत असेल तर चुकीवर शिक्का बसतो. मुनीमजींची वही त्याच्याजवळ नसते.

## मग तरीही का बिघडतं?

आधी विमानांचं. ते सॉफ्टवेअर 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीचं, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर त्या दिवशी आडवे झाले. ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच कारणं जाहीर केली. नव्या प्रकारच्या अपडेटमध्ये २१ रकाने होते, ते वाचणारा प्रोग्राम मात्र २० च रकान्यांची माहिती पुरवत होता. चाचण्या झाल्या होत्या. पण त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" अशी खूण होती, त्यामुळे तिथे कोणी डोकावलंच नाही. १९ जुलैच्या अपडेटने पहिल्यांदा त्या रकान्यात खरोखर काहीतरी मागितलं. अपडेट बाहेर जाण्याआधी तपासणारा वेगळा प्रोग्रामही होता. त्यातही चूक होती, आणि त्याने हिरवा कंदील दिला.

आता बावीस रुपयांचं. ते याहून लाजिरवाणं आहे.

व्यापारी म्हणाला होता, लाखाच्या रकमा वाचता येत नाहीत, मध्ये स्वल्पविराम टाक. पाच मिनिटांचं काम. टाकला आणि तपासण्या चालवल्या. साठपैकी एक्केचाळीस नापास. पडदा लालेलाल. वरच्या दोन-तीन पाहिल्या:

- देय रक्कम : २२७५४
+ देय रक्कम : २२,७५४

हेच तर मागितलं होतं. मग मी काय केलं? अशा तपासणीच्या साधनांमध्ये एक सोय असते: "आता आलेलं उत्तर हेच यापुढे बरोबर उत्तर धर." मी ती वापरली. एकदम एक्केचाळीस ठिकाणी. पडदा हिरवागार झाला आणि मी जेवायला गेलो.

खाली स्क्रोल केलं असतं तर शेवटच्या पाच तपासण्या दिसल्या असत्या. त्या छापील पट्टीच्या नव्हत्या. मेसेजवाल्या प्रोग्रामला द्यायच्या ओळीच्या होत्या, जिच्यात शेतकरी क्रमांक, वजन, रक्कम आणि गाडीचा नंबर स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात:

- ११७,१२.४०,२२७५४,३०६२
+ ११७,१२.४०,२२,७५४,३०६२

चार रकान्यांचे पाच झाले. मेसेज पाठवणाऱ्याने तिसरा रकाना उचलला: २२. मोठा माल ज्याचा होता त्याची रक्कम लाखाच्या वर होती, म्हणून त्याला एक रुपया.

म्हणजे तपासणीने चूक पकडली होती. लाल रंगात, नेमकी ओळ दाखवून. डिफ फक्त "वेगळं आहे" एवढंच म्हणतो. ते वेगळं चांगलं की वाईट हे बघायला मी बसलेलो होतो, आणि मी गिऱ्हाइकाच्या सोन्याशी जुळावी म्हणून माझ्याकडची ठाऊक सोन्याची काडीच बदलून टाकली. फोनवर काकांना हे कसं सांगणार? "तपासलं होतं, पण मीच ऐकलं नाही" एवढंच सांगितलं. काका म्हणाले, "असं सांग ना मग."

त्या दुपारी तीन गोष्टी केल्या. स्वल्पविराम फक्त छापील पट्टीवर ठेवला, मशीनला द्यायच्या ओळीतून काढला. एकगठ्ठा मंजुरीची सोय बंद केली. आता एक्केचाळीस बदल असतील तर एक्केचाळीस वेळा बघून हो म्हणावं लागतं, आणि सहाव्या-सातव्या वेळी स्वतःचाच राग येतो. तिसरी गोष्ट, साखळी शेवटपर्यंत चालवणारी एकसष्टावी तपासणी लिहिली. ती हिशोबापासून मेसेजपर्यंत सगळं करते, फक्त मेसेज टॉवरकडे जाण्याऐवजी फाईलमध्ये पडतो आणि तिथे २२,७५४ आलेत का ते ताडलं जातं. वजन १२.४०, भाव १८५०. तपासणीचं नाव 'बावीस'.

पैसे काकांना पूर्ण मिळाले. तो मेसेज मात्र त्यांनी अजून पुसलेला नाही. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी घरी जेवायला बोलावलं होतं. खापरावरची पुरणपोळी ताटात पडायच्या आतच काकांनी मोबाईल काढून जावयाच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे पाहा, हाच तो. बावीस रुपयेवाला."